सर्व्हर नवा, वाटणी जुनी

सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची ठरली की बोलणं सुरू होतं ते आवृत्तीवरून. विंडोज सर्व्हर २०२२ घ्यायची की २०२५, लायसन्स किती जणांचं, जुनं सॉफ्टवेअर चालेल का. डिस्कवर पार्टिशन्स कशी पाडली आहेत हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, तोही बहुधा अपग्रेड अर्ध्यावर अडल्यावर. माझ्या मते तो पहिला विचारायला हवा. सिस्टिम पाच-सात वर्षांनी बदलते. पार्टिशन्स मात्र पहिल्या दिवशी जशी पाडली तशीच पुढच्या दोन-तीन सिस्टिमांखाली राहतात.

मी मीरा रोडला शांतीनगरात करसल्लागार आहे. कार्यालय लहान, पण सर्व्हर स्वतःचा. अशिलांचे हिशोब, विवरणपत्रं, लेखापरीक्षणाचे कागद, सगळं त्याच्यावर. कंपनी कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे कंपनीला हिशोबाची पुस्तकं किमान आठ आर्थिक वर्षं जपावी लागतात, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये नियम बदलल्यापासून इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घ्यावा लागतो. त्यामुळे डिस्क हा माझ्यासाठी कुतूहलाचा विषय नाही, जबाबदारीचा आहे.

या सर्व्हरवर विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चालते. तिच्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या १० ऑक्टोबर २०२३ ला थांबल्या. पुढे काय करायचं यावर घरात दोन मतं आहेत. माझा नवरा लॅमिंग्टन रोडवर हार्डवेअर शिकला आणि आज भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांमधली मशीन्स सांभाळतो. त्याची भाची ऐरोलीला डेटा सेंटरमध्ये काम करते. दोघांचं बोलणं मी लिहून घेतलं, आणि जिथे राहवलं नाही तिथे माझं घातलं.

मामा : मशीन चालतंय. एवढ्या वर्षांत एक पॉवर सप्लाय बदलला, बाकी हात लावावा लागला नाही. नव्या सिस्टिमचा पेन ड्राइव्ह लावायचा, ‘फाइल्स, सेटिंग्ज आणि अ‍ॅप्स ठेवा’ निवडायचं, आणि जुनीवरच नवी चढवायची. यूजर तेच, शेअर तेच, प्रिंटर तेच, टॅली जागच्या जागी. फॉर्मॅट मारायची गरज काय?

भाची : वर काय चढवणार ते सांगितलंस. खाली काय आहे ते सांग ना.

मामा : सी आणि डी. अजून काय असणार?

भाची : सी आणि डी तुला रोज दिसतात म्हणून. डिस्क मॅनेजमेंट उघड. चार चौकटी आहेत. पहिलं ३५० एमबीचं सिस्टिम रिझर्व्ड, मग १०० जीबीचं सी, त्याला चिकटून डी, आणि शेवटी मशीन विकणाऱ्याने ठेवलेलं रिकव्हरी. डिस्क एमबीआर आहे. चार जागा असतात, चारही भरल्यात.

हे चार कुठून आले ते सांगायला हवं. मार्च १९८३ मध्ये आयबीएमने पीसी एक्सटी आणला. त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती आणि सोबत डॉस २.०. डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये, ५१२ बाइटमध्ये, मशीन सुरू करणारा छोटा प्रोग्राम आणि पार्टिशनचा तक्ता दोन्ही बसवायचे होते. प्रोग्रामला ४४६ बाइट, तक्त्याला ६४, आणि शेवटचे २ बाइट खुणेचे. एका पार्टिशनची नोंद १६ बाइटची, म्हणून ६४ बाइटमध्ये चारच नोंदी. हाच मास्टर बूट रेकॉर्ड, एमबीआर. प्रत्येक नोंदीत सेक्टरचा क्रमांक लिहायला ३२ बिट आहेत. ५१२ बाइटच्या सेक्टरने हिशोब केला तर मर्यादा २.२ टीबीच्या आसपास येते. १० एमबीच्या काळात हा आकडा कोणाला गाठता येईल असं वाटलंही नसेल. आज मीरा रोड स्टेशनबाहेरच्या दुकानात ४ टीबीची डिस्क मिळते.

मामा : मला पाचवं पार्टिशन नकोच आहे. चार पुरतात.

भाची : तुला नको, विंडोजला हवंय. २०१२ आर२ मध्ये बिघाड झाला तर चालणारी रिकव्हरीची फाइल त्या ३५० एमबीतच कोंबलेली असते. नव्या आवृत्त्यांमध्ये ती मोठी झाली, तिला वेगळं पार्टिशन लागतं. सेटअप ते सी मधून कापून बनवू पाहतो, आणि चार नोंदी भरलेल्या डिस्कवर पाचव्याला नोंदच नाही. शिवाय ते सिस्टिम रिझर्व्ड बघ, जवळजवळ भरलंय. काही अँटीव्हायरससुद्धा त्यात स्वतःचं काहीबाही ठेवतात. तिथे थोडीही मोकळी जागा उरली नाही तर सेटअप ‘सिस्टिम रिझर्व्ड पार्टिशन अपडेट करता आलं नाही’ म्हणून थांबतो. सी वर ४० जीबी मोकळे असले तरी.

मामा : ते मला माहीत आहे. गाळ्यांमध्ये दोनतीनदा तसं झालंय. त्यातले फॉन्ट काढून टाकायचे, जागा होते. आणि विकणाऱ्याचं रिकव्हरी तर काय कामाचं? त्यात जुनीच सिस्टिम आहे. उडवून टाकलं की चौथी जागा मोकळी.

भाची : जागा मोकळी झाली, पण कुठे? डिस्कच्या टोकाला, डी च्या पलीकडे. सी वाढवायचं तर मोकळी जागा सी ला लागून पाहिजे. मध्ये डी बसलंय.

मामा गप्प बसला नाही, पण त्याचा पुढचा मुद्दा बदलला. मला वाटतं इथे भाचीचं म्हणणं नुसतं बरोबर नाही, ते लहान कार्यालयांतल्या बहुतेक सर्व्हरना लागू आहे. ज्याने २०१४ साली मशीन लावून दिलं त्याने १०० जीबी सी ला ठेवले, कारण तेव्हा तेवढे पुष्कळ वाटले. मधल्या काळात सिस्टिम, तिच्या दुरुस्त्या, जुन्या दुरुस्त्यांच्या जपून ठेवलेल्या प्रती, सगळं वाढलं, आणि सी ला वाढायला दिशाच उरली नाही. जानेवारी २०२४ मध्ये हे सगळ्या जगाला दिसलं. मायक्रोसॉफ्टने विंडोज १०, ११ आणि सर्व्हर २०२२ साठी रिकव्हरीची एक सुरक्षा-दुरुस्ती काढली. रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळे नसतील तर ती बसत नव्हती आणि ०एक्स८००७०६४३ हा एरर येत होता. उपाय म्हणून कंपनीने लोकांना सी आकसवून रिकव्हरी पार्टिशन हाताने नव्याने बनवायच्या सूचना दिल्या. ज्यांनी आयुष्यात पार्टिशनला हात लावला नव्हता अशांना घरबसल्या ते करावं लागलं.

मामा : बरं, मग जीपीटी, म्हणजे पार्टिशनच्या तक्त्याची नवी पद्धत, करू. एमबीआर टू जीपीटी नावाचं मायक्रोसॉफ्टचंच टूल आहे, डेटा न घालवता डिस्क बदलतं. म्हणजे माझंही राहिलं, तुझंही झालं.

भाची : आहे, २०१७ मध्ये विंडोज १० बरोबर आलं. पण त्याच्या अटी वाच. डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन्स हवीत, एक्स्टेंडेड किंवा लॉजिकल अजिबात नको, आणि विंडोज ८.१ च्या पिढीतली सिस्टिम असेल तर त्यावर अधिकृतपणे चालत नाही. २०१२ आर२ त्याच पिढीतली. म्हणजे आधी अपग्रेड, मग जीपीटी. आणि अपग्रेड कुठे अडतंय ते आपण आत्ताच पाहिलं.

मामा : अडतंय, पण अशक्य नाही. सर्व्हर २०२५ मध्ये २०१२ आर२ वरून थेट उडी मारता येते. आधी दोन टप्प्यांत जावं लागायचं.

भाची : उडी मारता येते, मान्य. पण उडी मारली तरी डिस्क एमबीआरच राहते. विंडोजचा नियम साधा आहे. मशीन जुन्या बायोस पद्धतीने सुरू होत असेल तर बूटची डिस्क एमबीआर, नव्या यूईएफआय पद्धतीने असेल तर जीपीटी. आपलं मदरबोर्ड दोन्ही जाणतं, २०१४ मध्ये कोणीतरी त्याला लेगसीवर, म्हणजे बायोसवर, ठेवलंय. अपग्रेड ते ठरवत नाही, आपल्याला ठरवावं लागतं.

मामाच्या डोक्यातली भीती वेगळी होती, आणि ती खरी आहे. त्याने पार्टिशनचा तक्ता गेलेल्या डिस्क पाहिल्यात. सातबारा हरवला म्हणून शेत कुठे जात नाही, पण बांध कुठला कोणाचा हे सांगणारा कागद गेला की भांडण सुरू होतं. तसंच तक्ता पुसला तरी फाइल्स डिस्कवर असतात. फक्त कुठून कुठपर्यंत काय हे मशीनला समजत नाही आणि ते ‘अनअलोकेटेड’ म्हणून सगळं रिकामं दाखवतं. घाबरलेला माणूस त्या रिकाम्यावर नवं काही लिहितो आणि मग खरोखर घालवतो.

भाची : म्हणून तर जीपीटी. एमबीआरचा तक्ता एकाच ठिकाणी, पहिल्या सेक्टरमध्ये. जीपीटी सुरुवातीला एक प्रत ठेवते आणि डिस्कच्या अगदी शेवटी दुसरी. दोन्हींना चेकसम आहे, बिघडली तर कळतं. नोंदी १२८. आकाराची मर्यादा आपल्या नातवंडांना लागणार नाही.

मामा : दुसऱ्या प्रतीचं मला सांगू नकोस. १ टीबीची डिस्क ४ टीबीवर क्लोन केली की ती दुसरी प्रत कुठे असते? शेवटी नाही, मध्येच. जुन्या डिस्कचं टोक जिथे होतं तिथे. मग ती टोकाला हलवावी लागते, नाहीतर पुढची जागा वापरता येत नाही. आणि काही स्वस्त रेड कंट्रोलर स्वतःची माहिती डिस्कच्या शेवटीच लिहितात.

भाची : हे बरोबर आहे. क्लोन केल्यावर दुसरी प्रत हलवायची हे माझ्या टीममध्येही लोक विसरतात.

मामा : आणि जुनी टूल्स? लिनक्सच्या एफडिस्कला २०१३ पर्यंत जीपीटी कळत नव्हती. एक्सपीला तर अजून कळत नाही. गाळ्यातलं वजनकाट्याचं मशीन एक्सपीवर आहे, ते सर्व्हरवर रोज फाइल टाकतं. तू जीपीटी केलीस की ते बंद.

भाची : नाही, बंद नाही पडणार. निदान जीपीटीमुळे नाही. एक्सपी तुझी डिस्क वाचत नाही, शेअर केलेलं फोल्डर वाचतो. मधे नेटवर्क आहे. सर्व्हरच्या आत एमबीआर आहे की जीपीटी, त्याला कळायचं कारणच नाही. तो बंद पडेल तो दुसऱ्या कारणाने. एक्सपीला फाइल शेअरिंगच्या एसएमबी भाषेची फक्त पहिली आवृत्ती बोलता येते, आणि नव्या सर्व्हरवर ती बसवलेलीच येत नाही.

मामा : मग ती चालू करू.

भाची : मामा, तू जेएनपीटीचं विसरलास?

२७ जून २०१७ ला नोटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम युक्रेनहून निघाला आणि काही तासांत जगभर पसरला. मर्स्क या जहाज कंपनीचं जाळं त्यात सापडलं, आणि तिच्या गटाचं न्हावाशेव्यातलं, जेएनपीटीतलं कंटेनर टर्मिनल त्यामुळे ठप्प झालं. पसरायला त्याने ज्या वाटा वापरल्या त्यातली एक एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतली चूक होती. तिची दुरुस्ती त्याच वर्षी १४ मार्चला निघाली होती. मशीनमध्ये शिरल्यावर तो डिस्कचा पहिला सेक्टर बदलायचा, मशीन पुन्हा सुरू झालं की डिस्क तपासत असल्याचा खोटा पडदा दाखवायचा, आणि त्या पडद्यामागे फाइल्स कुठे आहेत याची मुख्य यादी कुलूपबंद करायचा. वर ज्या ५१२ बाइटबद्दल मी लिहिलं, तेच.

भाची : जीपीटी असती तर सगळे वाचले असते असं मी म्हणत नाही. त्याने फाइल्ससुद्धा वेगळ्या कुलूपबंद केल्या होत्या. मी एवढंच म्हणते की एका वजनकाट्यासाठी सगळ्या कार्यालयाच्या हिशोबाचं दार उघडं ठेवू नकोस. त्या एक्सपीसाठी मधे एक वेगळं छोटं मशीन ठेव.

मामा : ते करता येईल. एक जुनं मशीन पडलंय.

इथपर्यंत वाद विंडोजचा होता. बॅकअपचा जो दुसरा डबा कार्यालयात आहे, त्यावर लिनक्सची सेंटॉस ७ आहे आणि तो मामाने २०१५ मध्ये उभा केला. सेंटॉस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली. त्याच्यावर दोघांचं बोलणं सुरू झालं तेव्हा मला वाटलं, आता भाची एकतर्फी जिंकणार. तसं झालं नाही.

भाची : इथे तू इन्स्टॉलरने सुचवलं तेच ठेवलंस. रूटला ५० जीबी, उरलेलं सगळं होमला. रूट भरलंय, होम अर्धं रिकामं, आणि दोन्हींची फाइल सिस्टिम एक्सएफएस. एक्सएफएस वाढतं, आकसत नाही. होममधून काढून रूटला देता येत नाही.

मामा : देता येत नाही, पण घालता येतं. सगळं एलव्हीएमवर आहे. एक नवी डिस्क लावायची, त्याच व्हॉल्यूम ग्रुपमध्ये घालायची, आणि चालू मशीनवर रूट मोठं करायचं. सर्व्हर बंदसुद्धा करावा लागत नाही. तुझ्या जीपीटीने हे होत नाही, एलव्हीएमने होतं.

भाची : हे चोख आहे.

आणि खरंच चोख आहे. पार्टिशनच्या वर एक लवचिक थर ठेवला की पहिल्या दिवशीचा अंदाज चुकला तरी निभावतं, हे विंडोजच्या सी आणि डी मध्ये आम्हाला मिळालं नव्हतं. मामाच्या डब्यात ते २०१५ पासून आहे.

भाची : पण एक पाहिलंस का? २०१५ मध्ये बनवलेलं हे एक्सएफएस चौथ्या आवृत्तीचं आहे. सेंटॉस ७.३ पासून पाचवी आली. लिनक्स कर्नलने चौथीला निरोप द्यायचं वेळापत्रक जाहीर केलंय. सप्टेंबर २०२५ पासून ती मुळात बंद ठेवलेली, आणि सप्टेंबर २०३० मध्ये काढूनच टाकायची. चौथीची जागच्या जागी पाचवी करायचा मार्ग नाही. डेटा दुसरीकडे न्यायचा, नवीन बनवायचं, परत आणायचा.

मामा : म्हणजे सिस्टिम वरून कितीही वेळा चढवली तरी खालचं स्वरूपच बाद होणार.

भाची : हो. तेच मी सी-डी बद्दल म्हणत होते.

खालचं स्वरूपच बाद होणार, हे वाक्य मामाच्या तोंडून आलं हे मला महत्त्वाचं वाटतं. त्याने स्वतःच एक जुनं उदाहरणही दिलं. भाईंदरच्या एका गाळ्यात सर्व्हर २००३ ची डिस्क क्लोन करत करत पुढच्या मशीनवर आणली होती. त्या काळात पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू व्हायचं, म्हणजे ३२,२५६ व्या बाइटपासून. पुढे डिस्क आतून ४,०९६ बाइटच्या सेक्टरच्या झाल्या. ३२,२५६ ला ४,०९६ ने भाग जात नाही. त्यामुळे सिस्टिमने लिहिलेला प्रत्येक तुकडा डिस्कच्या दोन सेक्टरांवर विभागून पडायचा आणि डिस्कला दुप्पट कष्ट. सर्व्हर २००८ पासून विंडोज पार्टिशन १ एमबीपासून सुरू करते, तिथे हा प्रश्न येत नाही. पण क्लोन केलेल्या डिस्कला ते समजणार कसं? सिस्टिम बदलली, ६३ तसाच राहिला. मशीन मंद का, म्हणून लोक रॅम वाढवत राहिले. लिनक्सवाल्यांनाही तोच ६३ वेगळ्या रीतीने नडला. लिनक्स सुरू करणाऱ्या ग्रब २ ला बसायला पहिल्या पार्टिशनच्या आधीची ती मोकळी पट्टी लागते, आणि ३१ केबीत तो कधीकधी मावत नाही.

भाची : मग ठरलं. सी फॉर्मॅट, नवी सिस्टिम, डी ला हात नाही.

मामा : आता तू घाई करतेस. डी ला हात न लावता सी नवीन केलं की काय होतं ते मी पाहिलंय. आपल्याकडे डोमेन नाही, यूजर त्याच मशीनवर बनवलेले. नव्या सिस्टिममध्ये तीच नावं परत बनवलीस तरी विंडोजच्या दृष्टीने ती नवी माणसं, कारण आतला ओळख-क्रमांक वेगळा. डी वरच्या फोल्डरांवर जुने क्रमांक. उघडायला गेलं की परवानगी नाही. मालकी घेत बसावं लागतं, फोल्डरागणिक कोणाला काय दिलं होतं ते आठवत. कोणी विंडोजच्या आतूनच फाइल एन्क्रिप्ट करून ठेवली असेल आणि तिची चावी काढून ठेवली नसेल, तर ती फाइल गेलीच. आणि टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर केलं नाही तर सोमवारी सकाळी सगळे हात बांधून बसतील.

भाची : लायसन्स माझ्या यादीत नव्हतं.

मामा : आणि शेवटचं. सेटअपच्या पडद्यावर सी आणि डी लिहिलेलं नसतं. ‘ड्राइव्ह ० पार्टिशन २’, ‘ड्राइव्ह ० पार्टिशन ३’ असं असतं. रात्रीचे अकरा वाजलेले, माणूस दमलेला. एक ओळ चुकली की आठ वर्षांचे हिशोब.

माझा निर्णय या वाक्यावर झाला. एकाच डिस्कवर सी आणि डी वेगळी ठेवणं म्हणजे सिस्टिम आणि डेटा वेगळे ठेवणं नव्हे. पार्टिशन रोजच्या कामात दोघांना वेगळं ठेवतं. अपग्रेडच्या रात्री, जेव्हा त्याची खरी गरज असते, तेव्हा ते एका क्लिकवर असतं. डिस्क बिघडली तर दोन्ही एकदम जातात. आमच्या सर्व्हरमध्ये तेच सगळं उतरवून घेणारी दुसरी डिस्क मिररमध्ये आहे, म्हणून निश्चिंत राहता येत नाही, कारण मिरर चुकीचं फॉर्मॅटही तितक्याच इमानाने दुसऱ्या डिस्कवर उतरवतो.

म्हणून आम्ही जुन्या डिस्कवर नवी सिस्टिम चढवायचीही नाही आणि ती फॉर्मॅटही करायची नाही, असं ठरवलं. सिस्टिमसाठी दोन नव्या लहान एसएसडी, मिररमध्ये. मशीन यूईएफआयवर, डिस्क जीपीटी, आणि रिकव्हरीचं पार्टिशन सी च्या मागे, म्हणजे पुढे कधी वाढवावं लागलं तर सी मधून घेता येईल. डेटासाठी वेगळ्या दोन ४ टीबीच्या डिस्क, त्यांच्यावर फक्त डेटा. सिस्टिम बसवताना डेटाच्या डिस्कच्या केबल काढलेल्या. पुढच्या अपग्रेडलाही तसंच. जुन्या दोन डिस्क, कोणती कुठल्या खणात होती ते वर लिहून, कपाटात. किमान एक तिमाही त्यांना हात लावायचा नाही. काही बिनसलं तर त्या परत लावायच्या, मदरबोर्ड लेगसीवर न्यायचं, कंट्रोलरला त्यांची ओळख पटवून द्यायची, आणि जुना सर्व्हर जसा होता तसा उभा. मामाला हवी असलेली परतीची वाट यात आहे, आणि ती जुन्यावर नवी चढवण्यात नाही. तिथे मागे यायचं तर बॅकअपवरच विसंबावं लागतं. बॅकअप अर्थात घ्यायचाच, आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून एका अशिलाचं गेल्या वर्षीचं ताळेबंद-पत्रक छापून पाहायचं. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर मी विश्वास ठेवत नाही.

खर्च वाढतो, हे भाचीला मान्य आहे आणि मामाला खटकतं. पण माझ्या कामात एक दिवस बंद राहणं काय असतं ते मला माहीत आहे. टीडीएस भरायची ७ तारीख, जीएसटीआर-१ ची ११, ३बी ची २०. म्हणून हे काम २० नंतरच्या शनिवारी, आणि जुलै किंवा सप्टेंबरमध्ये नाही. पावसाळ्याच्या आधी झालं तर उत्तम. सर्व्हर जमिनीवरून उचलून फळीवर ठेवायचं काम त्याच दिवशी होऊन जाईल.

तुमच्या कार्यालयात, दवाखान्यात, शाळेत, सोसायटीत असा एखादा सर्व्हर असेल तर नव्या सिस्टिमची किंमत विचारण्याआधी ही तपासणी करा. कमांडची खिडकी उघडून डिस्कपार्ट चालवा आणि लिस्ट डिस्क असं टाइप करा. जीपीटीच्या रकान्यात चांदणी असेल तर डिस्क जीपीटी आहे, नसेल तर एमबीआर. मग डिस्क मॅनेजमेंटमधल्या चौकटी, त्यांचा क्रम आणि आकार कागदावर उतरवून घ्या, आणि जो कोणी अपग्रेड करायला येईल त्याच्यासमोर तो कागद आधी ठेवा. त्याने तो न वाचता पेन ड्राइव्ह लावला तर त्याला थांबवा. आणि हे लांबणीवर टाकू नका. २०१२ आर२ साठी पैसे भरून मिळणाऱ्या दुरुस्त्यांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ आहे, आणि सर्व्हर २०१६ च्या नेहमीच्या दुरुस्त्यांची १२ जानेवारी २०२७.